टँकरवरचा विनोद

माझ्या नवऱ्याच्या देशाकडे एकही लढाऊ विमान नाही. लग्न ठरवताना मी त्याचा पगार विचारला, त्याच्या आईचा स्वभाव विचारला, तो किती पितो हेही आडून आडून काढून घेतलं. देशाच्या संरक्षणाची चौकशी करावी असं मात्र मला सुचलं नाही. ती दाजींनी केली, आणि वर्षानुवर्षं करत राहिले.

नवरा आयर्लंडचा. तरुणपणी काही वर्षं तिथल्या सैन्यात होता, मग शिकागोला आला आणि शाळेत गणित शिकवायला लागला. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत. दाजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, ताईचे यजमान. मी कोल्हापूरहून शिकायला आले तेव्हा शिकागोजवळ नेपरव्हिलला ताईच्याच घरी उतरले होते. थंडीचा पहिला कोट ताईने घेऊन दिला आणि गाडी चालवायला दाजींनी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण यानंतर त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला मला फारशी जागा मिळणार नाही.

दाजींची सगळी नोकरी एका कंपनीत गेली. तिथे लढाऊ विमानांचे सुटे भाग बनायचे. दाजी त्यातल्या कुठल्याशा झडपेचे तज्ज्ञ. आकाशातून विमान गेलं की जेवता जेवता मान वर करून म्हणायचे, "आपल्या व्हॉल्व्हशिवाय उडून दाखवा म्हणावं." स्वतः कधी सैन्यात गेले नाहीत, पण सैन्यांबद्दल त्यांना सगळं माहीत. कुठल्या देशाकडे किती रणगाडे, किती पाणबुड्या, कोण किती खर्च करतो, हे आपल्याकडे लोक क्रिकेटचे आकडे सांगतात तसं सांगायचे.

नवऱ्याला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला नेलं तेव्हा वरणभात संपायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या एअर फोर्समध्ये काय काय आहे?"

नवरा म्हणाला, "थोडी पंख्याची विमानं. काही हेलिकॉप्टरं."

"आणि उद्या कुणी हल्ला केला तर?"

"चहा ठेवू," नवरा म्हणाला. "आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी चहा देतात."

दाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. नवरा त्यांना आवडला. तिथून ती चेष्टा सुरू झाली ती थांबलीच नाही. दिवाळी असो, गणपती असो, कुणाचं डोहाळजेवण असो, नवरा दारात बूट काढत असतानाच दाजी विचारणार, "काय म्हणतंय तुमचं सैन्य? दोघेही बरे आहेत ना?" आयर्लंडच्या नौदलाची जहाजं चालवायला माणसं नाहीत म्हणून बंदरातच बांधून ठेवली आहेत, अशी बातमी एकदा आली. दाजींनी ती फोनवर जपून ठेवली आणि येईल त्याला दाखवली. "आमच्या एका विमानाच्या पैशात यांचं अख्खं सैन्य वर्षभर जेवेल," म्हणायचे. अमेरिका किती खर्च करते, चीन किती, भारत किती, असं वरून खाली सांगत यायचे आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. लोक हसायचे. नवराही हसायचा.

खरं सांगायचं तर दाजींचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. आपल्या देशाने निदान चांगली रडार तरी घ्यावीत, दुसऱ्यांच्या भरवशावर किती दिवस राहणार, असं नवराही म्हणायचा. पण दाजींना वाद घालायचाच नसायचा. त्यांना हशा हवा असायचा.

"न्यूट्रल देश म्हणजे काय?" ते विचारायचे, आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "भांडण लागलं की कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. तटस्थ! पळपुटेपणाला दिलेलं गोंडस नाव."

मी ऐकून घ्यायचे. त्यांच्या घरात राहिले होते, त्यांचं मीठ खाल्लं होतं. शिवाय नवराच म्हणायचा, "म्हातारा माणूस आहे, त्याला मजा वाटते, वाटू दे."

एका कोजागिरीला नवरा ताईकडे आला नाही. त्याच सुमारास वर्षातला एक दिवस असा यायचा की तो गराजमध्ये जाऊन बसायचा. हत्यारं काढायचा, पुसायचा, परत लावायचा. आमची लेकसुद्धा त्या दिवशी तिकडे फिरकायची नाही. ताईने विचारलं, "काय गं, चिडलाय का आमच्यावर?" तिला वाईट वाटू नये म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं.

सैन्यात असताना नवरा लेबनॉनला शांतिसेनेत होता. त्याच्याबरोबर त्याच्याच गावचा एक मित्र होता, शाळेपासूनचा. डोंगरातल्या एका गावाची पाण्याची लाइन बॉम्बने फुटली होती, म्हणून हे लोक रोज टँकरने पाणी न्यायचे. एके दिवशी पावसाने रस्त्याची कड खचली आणि मित्राचा टँकर दरीत गेला. नवरा मागच्या गाडीत होता. तो उतरून खाली गेला तेव्हा मित्र जिवंत होता. वर आणेपर्यंत राहिला नाही. नवऱ्याने हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही एकदाच.

"ताई, हे कुणाला बोलू नकोस," मी म्हटलं.

"छे गं," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतरच्या वसंतात आमच्या मराठी मंडळात निवृत्त लोकांच्या गटाने दाजींचं भाषण ठेवलं. विषय होता जगातली सैन्यं. ताईने आग्रह केला म्हणून आम्ही दोघे गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो. हॉल भरलेला होता. नवऱ्याला मराठी येत नाही. "चला", "बास" आणि "थोडंसंच वाढा" एवढंच येतं. पण स्लाइड्स इंग्रजीत होत्या, त्यामुळे त्याला बरंच समजत होतं. मोठमोठ्या देशांची चित्रं झाली, विमानवाहू जहाजं झाली, आणि शेवटी दाजींनी आयर्लंडचा झेंडा लावला. लोक आधीच हसायला लागले, कारण सगळ्यांना चेष्टा माहीत होती.

"आता आमच्या जावयाचं सैन्य," दाजी मराठीत म्हणाले. "लढाई यांना माहीत नाही. गोळी झाडायची नाही, गोळी खायची नाही. पण शहीद व्हायची हौस आहे बरं का! यांचा एक जवान लेबनॉनमध्ये शहीद झाला. कसा? पाण्याचा टँकर उलटून! आता मला सांगा, आपल्या लातूरला रोज एवढे टँकर फिरतात, त्या सगळ्या ड्रायव्हरांना परमवीर चक्र द्यायचं का?"

हॉल हसला. चांगला मोठ्याने, टाळ्या देऊन हसला. माझ्या कानात नुसता आवाज भरला. मी ताईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती.

नवरा माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "काय म्हणाले?"

ताई सोडली तर त्या हॉलमध्ये दोन्ही बाजू कळणारी मी एकटीच होते. दाजींना तो मित्र नवऱ्याला किती जवळचा होता हे कळत नव्हतं, नवऱ्याला दाजींचे शब्द कळत नव्हते, आणि मधे मी बसले होते. मी म्हटलं, "बजेटबद्दल काहीतरी."

तो "अच्छा" म्हणाला आणि समोर बघत राहिला.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. म्हणाला, "ते टँकर म्हणाले. तो शब्द तुमच्याकडेही तोच आहे ना?"

मी पट्टा ओढून लावला आणि खिडकीबाहेर बघितलं. त्यावरून त्याला जे समजायचं ते समजलं. थोड्या वेळाने त्याने गाडी काढली आणि घरी येईपर्यंत रेडिओवर बेसबॉल ऐकत राहिला.

त्या दिवशी मी डूख धरला. रागाची मला सवय आहे. मी पटकन चिडते आणि पटकन विसरते. हे तसं नव्हतं. हे थंड होतं. औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावताना, भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर मी त्या हसणाऱ्या लोकांचे चेहरे एकेक करून आठवायचे. दाजींचं काय केलं म्हणजे त्यांना लागेल, याचा विचार करताना मला उत्साह यायचा. नवरा एकदा म्हणाला, "सोडून दे. त्यांना माहीत नव्हतं." मी म्हटलं, "माहीत होतं, म्हणून तर सांगता आलं." लेक म्हणाली, "मॉम, यू आर ऑब्सेस्ड." मी म्हटलं, हो, आहे.

ताईने मात्र फोन केला. "अगं, माझ्या तोंडून निघून गेलं. ते असं सगळ्यांसमोर बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे."

"दाजी सॉरी म्हणणार आहेत का?"

"मी बोलते त्यांच्याशी," ताई म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. त्यांच्याकडे जाणं-येणं चालू ठेवलं. डबे दिले, डबे घेतले. दाजींच्या रक्तदाबाची गोळी बदलली तेव्हा कुठल्या गोळीबरोबर काय खायचं नाही हेही समजावून सांगितलं. दाजींना वाटलं, सगळं जिथल्या तिथे आहे.

मग मंडळाची निवडणूक आली. मंडळाने नुकतीच स्वतःची इमारत घेतली होती, आणि त्या इमारतीतला पहिला अध्यक्ष आपण व्हावं अशी दाजींची फार इच्छा होती. त्यांच्याविरुद्ध नागपूरकडची एक बाई उभी होती, आयटीतली, माझ्याहूनही लहान. जुने डॉक्टर-इंजिनिअर काका-काकू दाजींच्या बाजूचे, तर नवीन आलेली तरुण कुटुंबं बहुतेक तिच्या बाजूची. या तरुण कुटुंबांची मुलं रविवारच्या मराठी शाळेत यायची, आणि ती शाळा मी चालवत होते.

एका शनिवारी सकाळी दाजी आमच्याकडे आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. "डेव्हनच्या देशी बाजारात गेलो होतो खास. पार्किंगसाठी तीन चकरा मारल्या, यार," म्हणाले आणि सोफ्यावर ऐसपैस बसले. नवरा मागे गवत कापत होता. त्याच्या मशीनचा आवाज आत येत होता.

"सभेत माझं नाव डॉक्टर सुचवणार आहेत," दाजी म्हणाले. "अनुमोदन तू द्यायचंस. मराठी शाळेत पोरं धाडणाऱ्यांना दिसलं पाहिजे की शाळेच्या बाई माझ्या बाजूला आहेत. घरचं माणूस आहेस तू."

आमच्या मंडळाचा नियमच तसा आहे. सभेत एकाने उभं राहून नाव सुचवायचं आणि दुसऱ्याने उभं राहून त्याला अनुमोदन द्यायचं.

मी चहा त्यांच्यासमोर ठेवला. मला त्यांना एक संधी द्यायची होती. निदान स्वतःला तरी सांगता यावं की दिली होती. मी म्हटलं, "दाजी, त्या टँकरचं काय?"

"कुठल्या टँकरचं?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "भाषणातल्या," मी म्हटलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, तो जोक! काय हसले होते गं लोक! ते पाटणकर-बिटणकर सगळे अजून भेटले की म्हणतात, तो लातूरचा परत सांगा."

बाहेर मशीन बंद झालं. नवरा खिडकीतून दिसला. गवताची पिशवी रिकामी करत होता. त्याने दाजींना बघून हात केला आणि दाजींनीही केला.

"येते मी सभेला," मी म्हटलं.

"शाब्बास," दाजी म्हणाले आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे सरकवला. मी एक पेढा उचलला आणि सावकाश, पूर्ण खाल्ला.

सभेच्या दिवशी मी चांगली साडी नेसले आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. नवरा त्याच्या शाळेच्या मॅचला गेला होता. मराठी शाळेच्या पालकांना मी फक्त या म्हटलं होतं. कुणाला मत द्या हे एकालाही सांगितलं नव्हतं. दाजी सूट घालून आले होते. ताई त्यांच्या शेजारी होती. माझ्याकडे बघून हसली, मीही हसले.

डॉक्टरांनी उभं राहून दाजींचं नाव सुचवलं आणि त्यांच्या नोकरीचं, अनुभवाचं लांबलचक कौतुक केलं. मावळत्या अध्यक्षांनी माइक घेऊन विचारलं, "अनुमोदन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दाजींनी ते आधीच गावभर सांगून ठेवलं होतं. मी बसून राहिले. पायावर पाय टाकला. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. दाजी किंचित पुढे वाकून म्हणाले, "अगं, ऊठ."

मनात मी केवढं मोठं भाषण तयार केलं होतं. गाडीत एकटी असताना म्हणून बघितलं होतं. त्यात तो मित्र होता, त्याची आई होती, पाण्याविना राहिलेलं ते गाव होतं. पण त्या सभेला मी यातलं काही सांगणार नव्हते. एकदा विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचं काय झालं ते मी बघितलं होतं.

"मी तटस्थ आहे," मी म्हटलं.

"काय?" दाजी म्हणाले.

"तटस्थ. न्यूट्रल."

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. दाजींचं तटस्थ देशांवरचं बोलणं ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्यातल्या काहींना अर्थ कळला. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी तोंडावर हात धरलेला मला दिसला. दाजींचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग हळूहळू तो लाल होत गेला, आणि मी तो होताना नीट पाहिला. नजर हलवली नाही. तो क्षण मी कितीतरी महिने मनात बघितला होता, आणि खरोखरचा त्याहून चांगला निघाला.

बऱ्याच वेळाने त्यांच्या पत्ते खेळणाऱ्या ब्रिज ग्रुपमधले एक काका गुडघे धरत उठले आणि अनुमोदन देऊन बसले. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. घरच्याच माणसाने हात काढून घेतला हे सगळ्यांनी बघितलं होतं. मतदानात दाजी पडले, आणि चांगले पडले. त्या नागपूरच्या बाईला त्यांनी हात मिळवला आणि कॉफीलाही न थांबता निघाले.

पार्किंगमध्ये ताईने मला गाठलं. "घरच्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडतात का गं? तुला आम्ही पोटच्या पोरीसारखं ठेवलं."

"ठेवलंत," मी म्हटलं. "आणि मी तुला एक गोष्ट सांगून कुणाला बोलू नकोस म्हटलं होतं."

ती वळली. गाडीत दाजी समोर बघत बसले होते. ती दार उघडून आत बसली आणि ते गेले. नंतर कितीतरी दिवस तिचा फोन आला नाही. ते मात्र मला जड गेलं. दाजींचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं. उभी राहून, हातवारे करून, दाजींचा चेहरा कसा झाला तेही करून दाखवलं. मला वाटलं, तो हसेल. निदान हात तरी हातात घेईल. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "आणि यात त्याला कशाला आणलंस?"

"कुणाला?"

"माझ्या मित्राला. तुमच्या क्लबच्या निवडणुकीत त्याचं काय काम?"

"मी त्याचं नावही घेतलं नाही."

"हे माझ्यासाठी केलं असं तरी सांगू नकोस," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही केलं," मी म्हटलं. बोलून झाल्यावर मला कळलं की ते खरं आहे. "त्या दिवशी तू मला विचारलंस, काय म्हणाले, आणि मला तुझ्याशी खोटं बोलायला लागलं. तुझ्या शेजारी बसून. माझ्याच लोकांनी मला ते बोलायला लावलं. म्हणून केलं मी."

त्याने हात धुतले. मग फ्रिजमधून आदल्या दिवशीची भाजी काढून गरम करायला ठेवली आणि विचारलं, "तू जेवलीस?"

पुढच्या वर्षी उन्हाळा सरता सरता दाजी एकदा न सांगता आमच्याकडे आले. मी दार उघडलं. ते माझ्याशी बोलले नाहीत. सरळ गराजमध्ये गेले, तिथे नवरा लेकीची सायकल दुरुस्त करत होता. दोघे तिथे बराच वेळ होते. मी स्वयंपाकघरात होते. मला त्यांचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मधे नुसतं पान्याचं खटखट ऐकू आलं. मग पुन्हा दाजींचा आवाज आला, अगदी बारीक. त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जाताना त्यांचे डोळे लाल होते. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला.

काय बोलणं झालं ते नवऱ्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही. "ते आम्हा दोघांतलं आहे," एवढंच म्हणाला. आता दोघे अधूनमधून कॉफीला जातात. ताईही बोलायला लागली आहे, पूर्वीसारखं मोकळं नाही, पण बोलते. त्यांच्यापुरतं ते मिटलं.

माझ्यापुरतं मिटलेलं नाही. दाजी माझ्याकडे आले नाहीत, आणि आले असते तर काय झालं असतं मला माहीत नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचं बारसं झालं. जेवताना कुणीतरी बातम्यांतल्या युद्धाचा विषय काढला. कुठल्या देशाने सैन्यावरचा खर्च वाढवला, कुणी नाही वाढवला, असं बोलणं चाललं आणि सगळे सवयीने दाजींकडे वळले. दाजींनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर टेबलापलीकडे माझ्यावर आली. मी काही केलं नाही, नुसती बघत होते. दाजींनी तोंड मिटलं आणि ताईला म्हणाले, "कोशिंबीर दे गं जरा."

ताईच्या हाताला कोशिंबीर लांब होती. माझ्या जवळ होती. मी वाडगा उचलला आणि स्वतःच्या हाताने दाजींना वाढलं. मला फार बरं वाटलं.